दांडीचे दुसरे टोक : 'आइबो' या जपानी तपासमालिकेतील सोबती आणि कबुलीजबाब

जपानी भाषेतील 'आइबो' हा शब्द 'परस्पर' आणि 'दांडा' अशा अर्थांच्या दोन चित्राक्षरांनी लिहिला जातो. पूर्वी जपानमध्ये माणसांना वाहून नेणारी 'कागो' नावाची डोली असे. तिचा दांडा दोन भोई पुढे-मागे खांद्यावर घेत. एका भोयाच्या दृष्टीने दांडीच्या दुसऱ्या टोकाला असणारा तो 'आइबो', अशी या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली जाते. पुढे जोडीदार, सोबती, कामातला भिडू असा त्याचा अर्थविस्तार झाला. एकट्या भोयाला डोली उचलता येत नाही आणि दोघांची चाल जुळली नाही तर आत बसलेल्याचे हाल होतात. याच नावाच्या जपानी दूरचित्रवाणी मालिकेचा विचार करताना हा मूळ अर्थ लक्षात ठेवणे उपयुक्त ठरते. डोलीत कोण बसले आहे, हा प्रश्न मात्र मालिकेने क्वचितच उघडपणे विचारला आहे. प्रस्तुत निबंधात तो विचारावयाचा आहे. (जपानी व्यक्तिनामे आडनाव प्रथम या तेथील प्रथेनुसार दिली आहेत.)

मालिकेची घडण

टीव्ही आसाही ही वाहिनी आणि तोएई ही चित्रपटसंस्था यांनी मिळून निर्माण केलेली 'आइबो' प्रथम २००० साली एका स्वतंत्र दीर्घ नाट्याच्या रूपाने प्रसारित झाली. अशी तीन नाट्ये झाल्यावर ऑक्टोबर २००२ मध्ये बुधवारी रात्री ९ वाजता नियमित मालिका सुरू झाली. २००३ च्या दुसऱ्या पर्वापासून ऑक्टोबर ते मार्च असे दरवर्षी एक पर्व, हा क्रम रूढ झाला. २०२१-२२ मध्ये विसावे पर्व पूर्ण झाले. २०१०-११ च्या नवव्या पर्वाची सरासरी प्रेक्षकसंख्या २० टक्क्यांच्या वर गेली होती. मूळ कल्पना व आरंभीच्या पटकथा कोशिमिझु यासुहिरो यांच्या आहेत आणि पहिल्या दीड दशकातील दिग्दर्शनावर इझुमी सेइजी यांची छाप आहे.

मालिकेच्या केंद्रस्थानी टोकियो महानगर पोलिस मुख्यालयातील 'तोकुमेइ-गाकारी' म्हणजे 'विशेष कामगिरी कक्ष' आहे. नाव भारदस्त असले तरी हा कक्ष म्हणजे खात्याची अडगळीची खोली होय. नकोशा माणसांना तेथे पाठवायचे आणि त्यांनी स्वतःहून राजीनामा द्यावा अशी वाट पाहायची, हा त्याचा खरा उपयोग. खात्यात त्याला मनुष्यबळाची स्मशानभूमी म्हटले जाते. या कक्षाचा प्रमुख सुगिशिता उक्यो हा तोक्यो विद्यापीठाचा कायदा पदवीधर, उच्चश्रेणी सेवेतून आलेला, एकेकाळी स्कॉटलंड यार्डमध्ये प्रशिक्षण घेतलेला अधिकारी. हाताखाली माणूस मात्र एकच. कक्षाला तपासाचा अधिकार नाही. गुन्हा घडला की तपास पहिल्या अन्वेषण विभागाकडे जातो आणि सुगिशिता व त्याचा सोबती तेथे नको असताना जाऊन उभे राहतात. शेजारच्या विभागाचा प्रमुख काकुता स्वतःचा पेला घेऊन कॉफीसाठी येतो आणि 'रिकामे आहात का?' असे विचारतो. दाराजवळ दोघांच्या नावाच्या लाकडी पट्ट्या टांगलेल्या असतात. बाहेर जाताना त्या उलट करायच्या, परतल्यावर सुलट.

ज्ञान आहे पण अधिकार नाही, ही या कक्षाची अवस्था मालिकेचा पहिला मोठा शोध आहे. शेरलॉक होम्सला अधिकार नव्हता, कारण तो पोलिस नव्हता. सुगिशिता पोलिस असूनही अधिकारहीन आहे. १९७२ ते १९८६ या काळात गाजलेल्या 'ताइयो नि होएरो' या मालिकेने जपानी प्रेक्षकाला पोलिसांचे पथक म्हणजे एक कुटुंब, अशी सवय लावली होती. 'आइबो'ने ते कुटुंब मोडून एका खोलीत दोन माणसे ठेवली. (सुगिशिताची भूमिका करणारे मिझुतानी युताका त्या जुन्या मालिकेच्या पहिल्याच भागात गुन्हेगाराच्या भूमिकेत होते. हा निव्वळ योगायोग असला तरी रसिकाला तो विसरता येत नाही.)

सुगिशिताच्या लकबी सर्वपरिचित आहेत. तो चहाची किटली उंच धरून पेल्यात धार सोडतो, बुद्धिबळ खेळतो, पट्ट्यांची विजार घालतो, जुन्या घाटाची छोटी मोटार चालवतो. निघता निघता एक बोट वर करून तो आणखी एक प्रश्न विचारतो. त्यात कोलंबोचे स्मरण स्पष्ट आहे. बारीकसारीक गोष्टी मनाला खटकत राहणे ही आपली वाईट खोड आहे, असे तो वारंवार सांगतो. या खोडीच्या बळावर तो 'कसे' या प्रश्नाचे उत्तर शोधतो. 'का' हा प्रश्न पहिल्या सात पर्वांत बहुधा कामेयामा काओरु विचारतो. तेरावाकी यासुफुमी यांनी साकारलेला हा सोबती मनाने सरळ, रागीट आणि चटकन डोळे भरून येणारा आहे. या श्रमविभागणीवर मालिकेचा डोलारा उभा आहे.

कबुलीजबाब

बहुतेक भागांचा शेवट एकाच प्रकारे होतो. पोलिस ठाण्याबाहेर, एखाद्या गच्चीवर, नदीकाठी किंवा मृताच्या घरात सुगिशिता आपली अनुमानसाखळी मांडतो. संशयित प्रथम नाकारतो. मग एखादा तपशील पुढे येतो आणि तो कोसळतो, बोलू लागतो. कधी सुगिशिताचा आवाज चढतो, गाल थरथरू लागतात, आणि या संयमी माणसाचा संताप पाहण्यासाठीच प्रेक्षक तासभर थांबला होता असे वाटते. तपासकथेचा हा संकेत जगभर आहे. पण जपानमध्ये त्याला निराळे वजन प्राप्त होते.

जपानमध्ये खटला भरल्यानंतर दोषसिद्धीचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक आहे. दोषारोपापूर्वी संशयिताला एका आरोपाखाली २३ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येते. ही कोठडी बहुधा पोलिसांच्याच ताब्यातील असते आणि चौकशीच्या वेळी वकिलाला उपस्थित राहण्याचा हक्क नाही. संविधानाच्या ३८ व्या कलमानुसार केवळ स्वतःच्या कबुलीच्या आधारे कोणालाही दोषी ठरवता येत नाही. तरीही प्रत्यक्षात कबुलीजबाबाला पुराव्यांचा राजा मानण्याची प्रवृत्ती दीर्घकाळ टिकून राहिली. त्याचे परिणाम नोंदलेले आहेत. कागोशिमा प्रांतातील शिबुशी येथील निवडणूक गैरव्यवहाराच्या २००३ च्या प्रकरणात कबुल्या मिळवण्यात आल्या होत्या. २००७ मध्ये आरोपींना निर्दोष ठरवण्यात आले. आशिकागा प्रकरणात सुगाया तोशिकाझु यांची २००९ मध्ये सुटका झाली आणि २०१० मध्ये ते निर्दोष ठरले. हाकामादा इवाओ यांना १९६६ मध्ये अटक झाली, १९६८ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली. २६ सप्टेंबर २०२४ रोजी शिझुओका जिल्हा न्यायालयाने फेरखटल्यात त्यांना निर्दोष ठरवताना कबुलीजबाबासह पुरावा बनावट असल्याचे नमूद केले. न्यायसहायकांसमोर चालणाऱ्या गंभीर खटल्यांत चौकशीचे ध्वनिचित्रमुद्रण जून २०१९ पासून सक्तीचे झाले. म्हणजे 'आइबो'ची पहिली सोळा-सतरा वर्षे बंद दाराआडच्या चौकशीच्या काळातली आहेत.

या पार्श्वभूमीवर मालिकेचा अखेरचा प्रसंग पुन्हा पाहिला तर एक गोष्ट जाणवते. चौकशीची खोली पडद्यावरून जवळजवळ नाहीशी झाली आहे. कबुलीला मोकळ्या आभाळाखाली आणले आहे. तेथे मारहाण नाही, झोपेवाचून ठेवणे नाही, आधीच लिहून ठेवलेल्या जबाबावर सही नाही. तर्क आधी येतो, कबुली नंतर. मालिकेच्या बाजूने हा मोठाच युक्तिवाद आहे, कारण सुगिशिताच्या हाती आलेली कबुली सत्याचा अखेरचा दागिना असते, पाया नसते. परंतु याच स्वच्छतेमुळे एक धोकाही निर्माण होतो. खरा गुन्हेगार अखेर बोलतोच आणि बोलणारा खरा गुन्हेगार असतोच, हा विश्वास आठवड्यामागून आठवडे दृढ होत जातो. पोलिस खात्यातील सत्ताकारणावर इतक्या कठोरपणे बोट ठेवणारी मालिका, ज्या गोष्टीमुळे निरपराधांचे आयुष्य उद्ध्वस्त झाले, तिलाच आपल्या समाधानाचा क्षण बनवते. हा विरोध मालिकेला मुळीच कळला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. न्यायसहायक पद्धती मे २००९ मध्ये प्रत्यक्षात आली. त्याआधीच ऑक्टोबर २००७ मध्ये सहाव्या पर्वाच्या पहिल्या भागात तिच्यावरचा काल्पनिक खटला दाखवण्यात आला होता. त्याच पर्वाच्या मार्च २००८ मधील अखेरच्या भागात चुकीच्या दोषसिद्धीचा आणि मृत्युदंडाचा विषय आला. तरीही असे भाग अपवादच राहिले.

येथे सोबत्याचे स्थान कळते. 'आइबो'च्या जगात बचावाचा वकील फारसा दिसत नाही. कबुली देणाऱ्याच्या समोर सुगिशिता असतो, आणि त्याच्या बाजूला, किंचित मागे, सोबती. त्याचा चेहरा हा आरोपीला मिळणारा एकमेव मानवी श्रोता असतो. न्यायव्यवस्थेत ज्या शंकेला खुर्ची नाही ती शंका सोबत्याच्या रूपाने उभी राहते. डोलीची उपमा पुन्हा वापरायची तर पुढच्या टोकाला सत्य असते आणि मागच्या टोकाला त्या सत्याचा भार सोसणारा. म्हणून सोबती बदलतो तेव्हा मालिकेतील न्यायाचा तोलच बदलतो.

चार सोबती

डिसेंबर २००८ मध्ये कामेयामाने नोकरी सोडली. मित्राच्या मृत्यूच्या निमित्ताने त्याने सारुविन या काल्पनिक देशातील दारिद्र्य पाहिले होते. तेथील मुलांना शिकवायचे, हा त्याचा निर्णय. वरवर पाहता ही हृद्य एक्झिट आहे. पण तिच्यात सुगिशिताच्या पद्धतीवर एक मूक शेराही आहे. गुन्हा घडून गेल्यावर सत्य शोधण्यापेक्षा आधी काही करता येईल का, असा तो प्रश्न आहे. सुगिशिताजवळ त्याचे उत्तर नव्हते आणि त्याने तसा आवही आणला नाही.

दुसरा सोबती कानबे ताकेरु (ओइकावा मित्सुहिरो) २००९ मध्ये आला तो वरिष्ठांचा हेर म्हणून. ऑक्टोबर २०११ मध्ये, दहाव्या पर्वाच्या आरंभी, त्याने पूर्वी एका खटल्यात न्यायालयात खोटी साक्ष दिली होती आणि त्यामुळे एका निरपराध माणसाने तुरुंगवास भोगला होता, हे उघड होते. येथे मालिका प्रथमच आपल्याच खोलीत बसलेल्या माणसाकडे बोट दाखवते. चुकीची शिक्षा कोणा दुष्ट अधिकाऱ्याच्या माथी मारता येत नाही. दाराजवळच्या पट्टीवर ज्याचे नाव आहे, त्यानेच ती घडवली आहे. मालिकेतील सर्वांत प्रामाणिक क्षणांत याची गणना करावी लागेल. २०१२ मध्ये कानबेची बदली झाली. तत्पूर्वीच्या अखेरच्या प्रकरणात तो सत्य दडपण्याच्या बाजूने उभा राहिला होता.

तिसरा सोबती काई तोरु (नारिमिया हिरोकी). सुगिशिताने स्वतः निवडून मागून घेतलेला सोबती तो हाच. मार्च २०१५ मध्ये तेराव्या पर्वाच्या शेवटी असे उघडकीस आले की कायद्याच्या कचाट्यातून निसटलेल्यांना मारहाण करणारा आणि लोकांनी 'डार्क नाइट' म्हणून डोक्यावर घेतलेला अज्ञात इसम म्हणजे काईच. आरंभी मित्राच्या बहिणीच्या खुनाचा सूड त्याने मित्राऐवजी घेतला होता. पुढे लोकांच्या जयघोषाने त्याला थांबू दिले नाही. या शेवटाने जपानी प्रेक्षक संतापला. पूर्वीच्या भागांत याची पेरणी पुरेशी नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. तीन वर्षे सुगिशिताच्या नजरेसमोर वावरणाऱ्या माणसाची खोड त्या नजरेला खटकू नये, हे पात्राच्या मूळ घडणीशीच विसंगत आहे.

तरीही या शेवटाला केवळ घाईचा अपघात ठरवता येत नाही. सत्य सर्वांत वर, नियम आणि पदानुक्रम दुय्यम, हा धडा सुगिशिता रोज कृतीने देत होता. काईने तो धडा घेतला आणि त्यातून तर्क वगळून मूठ ठेवली. वरिष्ठ अधिकारी ओनोदा (किशिबे इत्तोकु) याने सुगिशिताचा न्याय कधी कधी लगाम तोडून धावतो, असा इशारा कधीच देऊन ठेवला होता. न्यायाची व्याख्या माणूस कोठे उभा आहे त्यावर बदलते, हे त्याचे मत. १९८० च्या दशकातील एका ओलीसप्रकरणात ओनोदा आणि सुगिशिता यांच्यात पडलेल्या फुटीतून हा कक्ष जन्मला, असे पहिल्याच पर्वात सांगितले आहे. डिसेंबर २०१० च्या दुसऱ्या चित्रपटात ओनोदाचा खून झाला आणि मालिकेने आपला सर्वांत समर्थ प्रतिपक्ष गमावला. काईच्या अटकेच्या वेळी 'मी म्हणालो होतो' असे म्हणायला तो हवा होता. त्याच्याऐवजी सुगिशितावर निलंबन आले आणि पुढल्या पर्वात, ऑक्टोबर २०१५ मध्ये, न्याय मंत्रालयातून आलेल्या काबुरागी वातारु (सोरिमाची ताकाशी) याच्यासह तो पुन्हा रुजू झाला. काईच्या प्रकरणात गुरूचा वाटा किती, हा प्रश्न निलंबनाबरोबरच मिटवला गेला. काबुरागीबरोबरची २०२२ पर्यंतची सात पर्वे सफाईदार आहेत. परंतु दांडीच्या दोन टोकांवरचा ताण त्यांत सैलावलेला दिसतो, आणि अधिक काही म्हणावे असे त्यांत थोडे आहे.

गुन्हेगार नसलेला गुन्हा

कबुलीच्या साच्यातून मालिका पूर्णपणे बाहेर पडली ती डिसेंबर २०१० मधील 'बॉर्डरलाइन' या भागात. पटकथा साकुराई ताकेहारु यांची. इमारतीवरून पडलेल्या एका तरुणाचा देह सापडतो. खुणा खुनाच्या आहेत. पोटात अनेक पदार्थांचे अगदी थोडे थोडे अंश मिळतात. ते कोठून आले याचा माग काढताना कळते की हा माणूस दुकानांतून चवीपुरते ठेवलेले पदार्थ खाऊन दिवस काढत होता. कंत्राटी नोकरी गेली, मग घर गेले. सरकारी मदतीच्या दारातून तो रिकाम्या हाती परतला, स्वतःचे नावही त्याने पैशासाठी वापरू दिले. तपास जसा पुढे जातो तसे एकेक दार बंद होताना दिसते, आणि प्रत्येक दाराशी एक सामान्य, सभ्य माणूस उभा असतो. अखेर कळते की ही आत्महत्या आहे आणि मरणाऱ्याने तिला खुनाचे रूप दिले आहे.

गच्चीवर कोणाला उभे करायचे? सुगिशिताजवळ संताप आहे, पण त्याचा रोख ठरत नाही. कबुली द्यायला कोणीच नाही, कारण ती सर्वांनीच द्यायला हवी होती. मृताने खुनाचा देखावा रचून एक आरोपपत्र मागे ठेवले आणि सुगिशिताने ते वाचले, इतकेच घडते. जपानमधील दारिद्र्यविरोधी चळवळीतर्फे दिल्या जाणाऱ्या पत्रकारितेच्या पुरस्कारांत २०११ मध्ये या भागाचा समावेश झाला. एका रंजनप्रधान तपासमालिकेला असा बहुमान मिळावा, ही गोष्ट त्या भागाविषयी पुरेसे सांगते. २००८ च्या पहिल्या चित्रपटातही हाच सूर होता. परदेशात ओलीस धरून मारल्या गेलेल्या तरुणालाच समाजाने दोष दिला आणि त्याचे वडील (निशिदा तोशियुकी) त्याचा जाब मागतात, हे त्याचे कथासूत्र २००४ साली इराकमध्ये ओलीस राहिलेल्या जपानी नागरिकांवर झालेल्या शाब्दिक भडिमाराची आठवण करून देते. मात्र शहरी शर्यतीवरील हल्ल्याच्या भव्य कटात ते सूत्र बरेचसे झाकले गेले आहे. बॉर्डरलाइनची कोरडी शांतता त्याला साधलेली नाही.

कबुलीनंतर माणसाचे काय होते, हेही मालिकेने एकदा तरी पाहिले आहे. 'हाना नो सातो' हे छोटे खानावळवजा मद्यगृह प्रथम सुगिशिताची घटस्फोटित पत्नी चालवत असे. दहाव्या पर्वापासून ते त्सुकिमोतो साचिको (सुझुकी आंजु) चालवू लागली. एकेकाळी खुनाचा प्रयत्न करून सुगिशिताकडूनच पकडली गेलेली आणि शिक्षा भोगून परतलेली ही स्त्री. ज्याने आपल्याला पकडले त्याच्या पेल्यात ती दर आठवड्याला मद्य ओतते. त्या प्रसंगांत काही घडत नाही, आणि तरी मालिकेतील अनेक तर्कशुद्ध शेवटांपेक्षा तेथे न्यायाविषयी अधिक काही बोलले जाते.

जानेवारी २०२२ चे प्रकरण आणि कामेयामाचे पुनरागमन

१ जानेवारी २०२२ रोजी प्रसारित झालेल्या नववर्ष विशेष भागात कंत्राटी कामगार स्त्रियांचा एक जमाव सुगिशिता व काबुरागी यांच्यावर आरडाओरडा करत धावून येतो, असा प्रसंग होता. पटकथाकार ओता आइ या कादंबरीकार म्हणूनही प्रसिद्ध आहेत. त्यांनी लगेच जाहीरपणे स्पष्ट केले की हा प्रसंग पटकथेत त्या स्वरूपात नव्हता, आणि हक्कासाठी आवाज उठवणाऱ्यांना असे चितारल्याबद्दल खेद व्यक्त केला. अकरा वर्षांपूर्वी ज्या मालिकेने कंत्राटी कामगाराच्या पोटातील अन्नकणांवरून समाजाचा पंचनामा केला होता, तिनेच त्याच वर्गाला हास्यास्पद गर्दी केले. बॉर्डरलाइनमधील मृताला कोणी ऐकले नव्हते. येथे जिवंत माणसे बोलत होती आणि त्यांचे बोलणे गोंगाट म्हणून दाखवले गेले. पडद्यामागेही एक दांडी असते आणि तिचे दुसरे टोक लेखकाच्या खांद्यावर असते, हे ओता यांच्या निवेदनाने ध्यानात आणून दिले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एकविसावे पर्व सुरू झाले आणि जवळजवळ चौदा वर्षांनी कामेयामा सारुविनच्या शिष्टमंडळाबरोबर परतला. मिझुतानी तेव्हा ७० वर्षांचे होते, तेरावाकी साठीत. प्रेक्षकाला हे पुनर्मीलन गोड वाटले यात नवल नाही. परंतु परतलेला कामेयामा पूर्वीसारखा कायम नोकरीतील पोलिस नाही. त्याला मानधनावरील कंत्राटी कर्मचारी म्हणून कक्षात घेतले जाते. मालिकेने या तपशिलाचा फारसा गवगवा केलेला नाही. त्याच्या नावाची लाकडी पट्टी दाराजवळ पुन्हा लागते, आणि काकुता पूर्वीसारखाच पेला घेऊन आत येतो.